महाविद्यालयाच्या जिमखान्याला देणगी कशी द्यावी: नाशिकच्या माजी विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

आमच्या तुकडीला पदवी मिळून पंचवीस वर्षे झाली, त्या वर्षी आम्ही नाशिकमधील आपल्या महाविद्यालयाला मल्टिजिमचे एक मोठे यंत्र भेट दिले. वर्गणी उत्साहाने जमली, नामफलक लागला, फीत कापली गेली. पुढच्या डिसेंबरात मी सहज तिकडे गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते. किल्ली शिपाईमामांकडे असे आणि मामा साडेपाचला घरी जात. शेवटचा तास संपवून मुले तिथे पोहोचत ती सव्वापाचला. खिडकीतून आत पाहिले तर यंत्रावर ताडपत्री होती, वजन ओढण्याच्या तारेला गंज चढला होता आणि बसण्याच्या फळीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवले होते. मला फार वाईट वाटले, परंतु चूक आमचीही होती. आम्ही यंत्र दिले होते. खोली उघडणाऱ्या माणसाची सोय केली नव्हती.

त्यानंतरची काही वर्षे मी माजी विद्यार्थ्यांच्या देणगी समितीवर काम केले आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. जिमखान्याला मदत करायची असेल तर ती उघड्या तासांच्या हिशोबाने करावी. आपल्या पैशाने मैदान, व्यायामशाळा किंवा समुपदेशनाची खोली आठवड्याला किती तास जास्त उघडी राहील, या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. खालील पायऱ्या त्याच अनुभवातून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: देण्याआधी दोनदा तिथे जाऊन पाहा

देणगीचा पहिला फोन साधारणपणे प्राचार्यांना जातो आणि उत्तरादाखल एक यादी येते. ती यादी खोटी नसते, पण तिच्यात बहुधा वस्तूच असतात, कारण वस्तूचे दरपत्रक मागवता येते आणि तिचे उद्घाटन करता येते. म्हणून यादी हाती घेण्याआधी शारीरिक शिक्षण संचालकांची वेळ मागा आणि एकदा सकाळी सहाला, एकदा संध्याकाळी पाचला स्वतः तिथे जा. दरवाजा कोण उघडते, किती वाजता बंद होतो, दिवे लागतात का, पिण्याचे पाणी कुठे आहे, पावसाळ्यात सराव कुठे चालतो, हे डोळ्यांनी पाहा. नाशिकच्या पावसात मुरमाचे मैदान आठवडेच्या आठवडे निसरडे राहते आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तयारी नेमकी त्याच दिवसांत करायची असते. छताखाली अंथरता येतील अशा कबड्डीच्या मॅट, किंवा जवळचे सभागृह दोन महिने भाड्याने घेणे, असे साधे उपाय तिथे उभे राहिल्यावरच सुचतात.

मुलींशी स्वतंत्रपणे बोला, आणि शक्य असेल तर समितीतील एखाद्या माजी विद्यार्थिनीने बोलावे. आम्ही विचारले तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी पुढे आल्या: कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी नाही, संध्याकाळी महिला प्रशिक्षक नाही, आणि सातनंतर गावाकडची एसटी मिळत नाही. यांतील एकही गोष्ट प्राचार्यांनी दिलेल्या यादीत नव्हती. कडीचा खर्च एका दुपारच्या चहापाण्याइतका होता. तेवढ्यावाचून ती खोली दोन वर्षे कोणी वापरत नव्हते.

शिवाय महाविद्यालय विद्यार्थ्यांकडून जिमखान्याचे शुल्क आधीपासूनच घेत असते, तेव्हा त्या शुल्कातून काय होते हे नम्रपणे विचारायला संकोच करू नये. जे काम शुल्कातून व्हायला हवे, त्यासाठी देणगी दिली तर शुल्काचा पैसा दुसरीकडे वळतो आणि विद्यार्थ्याला मात्र काहीच जास्तीचे मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांमधील शारीरिक तंदुरुस्ती, क्रीडा आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक व भावनिक स्वास्थ्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांची प्रत सोबत न्यावी. चर्चेला आधार मिळतो आणि देणगीदार आपली हौस पुढे करतो आहे असे कोणाला वाटत नाही.

दुसरी पायरी: आधी माणूस, मग खुराक, मग वस्तू

खर्चाचा क्रम मी असा लावतो. सर्वांत आधी अर्धवेळ प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक यांचे मानधन. एक उदाहरण घेऊ. संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळेत व्यायामशाळा उघडी ठेवणाऱ्या माणसाला महिना १२,००० रुपये मानधन द्यायचे ठरले, तर शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांचे १,२०,००० रुपये होतात. ४८ माजी विद्यार्थ्यांनी त्या दहा महिन्यांत दरमहा २५० रुपये दिले की हा खर्च निघतो. आठवड्याचे सहा दिवस धरले तर यातून पंधरा तास जास्तीचे मिळतात. त्याच पैशात एक बऱ्यापैकी ट्रेडमिल येईल, पण कुलूपबंद खोलीतल्या ट्रेडमिलवर कोणी धावत नाही. खोली उघडणे, नोंदवही ठेवणे, साहित्य मोजून घेणे ही कामे विद्यार्थीही उत्तम करतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत कमवा व शिका योजना असते. त्या योजनेतील विद्यार्थ्यांना हे काम देता येईल का, हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारावे.

दुसरा क्रम खुराकाचा आणि प्रवासाचा. नाशिकच्या महाविद्यालयांत पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवण या भागांतून येणारी, डोंगर चढून-उतरून पाय घट्ट झालेली मुले-मुली असतात. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकले, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. असे पाय आणि असे खांदे आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. वसतिगृहात राहणारी धावपटू सकाळी दहा किलोमीटर पळून आल्यावर चहा-बिस्किटावर वर्गात बसते, ही गोष्ट मला कोणत्याही मोडक्या यंत्रापेक्षा जास्त खुपते. दोन उकडलेली अंडी किंवा मोड आलेली मटकी, दोन केळी, एक ग्लास दूध आणि गूळ-शेंगदाणे एवढा नाश्ता वीस खेळाडूंना रोज मिळेल अशी व्यवस्था जवळच्या खाणावळीशी बोलून करता येते. बिल महिन्याला थेट खाणावळीला द्यावे. धावण्याचे बूट मात्र खेळाडूला सोबत नेऊन, मापाने घ्यावेत. सरसकट एकाच मापाचे बूट वाटले की निम्मे पेटीत पडून राहतात.

वस्तूंचा क्रम शेवटी. वस्तू द्यायचीच असेल तर तिच्यासोबत तीन वर्षांच्या देखभालीचा करार द्यावा आणि त्याची रक्कम आधीच बाजूला काढावी. मी स्वतः मल्लखांब, कुस्तीची गादी, खो-खोचे खांब, दोरीच्या उड्या अशा साहित्याकडे झुकतो, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नसते. मल्लखांबाला एरंडेल लावून तो नीट राखला तर मुलांच्या कित्येक तुकड्या त्यावर तयार होतात.

तिसरी पायरी: मनाच्या स्वास्थ्यासाठी द्यायचे तर अटी वेगळ्या

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचे आहे. त्यामुळे समुपदेशक नेमणे ही संस्थेची स्वतःची जबाबदारी आहे आणि ती देणगीदाराने आपल्या डोक्यावर घेऊ नये. देणगीने त्या व्यवस्थेची व्याप्ती वाढवावी: आठवड्यातून एक दिवस येणारा समुपदेशक तीन दिवस यावा, परीक्षेच्या महिन्यांत संध्याकाळीही बसावा, वसतिगृहात जावा, अवघड प्रकरणात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या काही भेटींची फी निघावी. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे आणि शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे पात्र माणसे शोधणे इतर गावांइतके कठीण नाही.

खोली कुठे आहे याला फार महत्त्व आहे. प्राचार्यांच्या दालनाला लागून असलेल्या खोलीत कोणी विद्यार्थी पाय ठेवत नाही, कारण आत जाताना सगळे पाहतात. ग्रंथालयाच्या मागची, दोन दरवाजांची, आवाज बाहेर न जाणारी खोली मिळवून देणे हीसुद्धा मोठी मदत आहे.

आणि येथे देणगीदाराने स्वतःवर एक बंधन घालून घ्यावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. आपल्या पैशाचे काय झाले हे विचारताना नावे, वर्ग, गाव, ‘कोणत्या मुलीला काय त्रास होता’ यातले काहीही विचारू नये, आणि कोणी सांगू लागले तर थांबवावे. महिन्याला किती जण आले, किती पुन्हा आले, कितींना पुढे पाठवले, एवढे आकडे पुरेत. लाभार्थी विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलावून आभार मानायला लावणे हे तर कधीही करू नये. फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तो वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून घ्यावा, म्हणजे एकट्याने वाचता येतो.

चौथी पायरी: पैसा कोणाच्या खात्यात जातो ते तपासा

बहुतेक घोटाळे येथे होतात, आणि ते बेइमानीपेक्षा घाईने होतात. महाविद्यालय ही सहसा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते. ते चालवणारी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असते आणि करसवलतीची नोंदणीही त्या संस्थेच्या नावावर असते. माजी विद्यार्थी संघ अनेकदा तिसराच, वेगळा नोंदलेला असतो. धनादेश ‘जिमखाना’ नावाने लिहिला, किंवा सरांच्या वैयक्तिक खात्यात यूपीआयने पैसे टाकले, तर पावती मिळणार नाही आणि हिशोब लागणार नाही. म्हणून तीन कागद मागावेत: संस्थेचे विश्वस्त नोंदणीचे प्रमाणपत्र, देणगीवरील करसवलतीच्या मान्यतेचा आदेश आणि त्याची मुदत, व गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. चांगली संस्था हे कागद मागितल्यावर रागावत नाही.

करसवलतीबाबत स्पष्ट लिहितो, कारण गैरसमज बरेच आहेत. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०-जी खाली अशा संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट सर्वसाधारणपणे मिळत आली आहे, तीही उत्पन्नाच्या १० टक्के मर्यादेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तरी बोलताना सगळे ‘एटीजी’च म्हणतात. जुन्या करप्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाने २०,००० रुपये दिले, तर १०,००० रुपयांची वजावट मिळून उपकरासह २,०८० रुपये कर वाचतो. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट मिळत नाही, आणि आता पगारदारांतील बरेच जण त्याच प्रणालीत आहेत. २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीलाही नाही. यंत्र विकत घेऊन देण्याऐवजी पैसे देऊन संस्थेला ते घेऊ देण्याचे हेही एक कारण आहे. साध्या पावतीवर वजावट मिळत नाही. संस्थेने आयकर विभागाकडे विवरण भरल्यावर निघणारे देणगी प्रमाणपत्र लागते, म्हणून आपला पॅन क्रमांक देणगी देतानाच लिहून द्यावा.

आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु देणाऱ्याचे नाव-पत्ता संस्थेच्या दप्तरातच नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ती निनावी देणगी ठरते आणि ठरावीक मर्यादेपलीकडील अशा रकमेवर शिक्षण संस्थेला ३० टक्के दराने कर भरावा लागू शकतो. नाव दप्तरात पूर्ण लिहू द्यावे आणि फलकावर, स्मरणिकेत किंवा भाषणात ते घेऊ नये असे पत्रात नमूद करावे. गुप्तदानाचा हेतूही राहतो आणि संस्थेचे नुकसानही होत नाही.

पाचवी पायरी: कायम निधी की वर्षाची वर्गणी

मोठी रक्कम एकदम देऊन तिच्या व्याजावर काम चालवणे आकर्षक वाटते. वर सांगितलेल्या १,२०,००० रुपयांसाठी साडेसहा टक्के व्याज धरले तर सुमारे साडेअठरा लाखांचा कायम निधी लागेल, आणि दहा वर्षांनी तेवढेच व्याज मानधनाला अपुरे पडेल. विश्वस्त संस्थेला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम साधारणपणे त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च करावी लागते, त्यामुळे व्याज साठवून निधी वाढवण्यालाही मर्यादा आहे. माझा सल्ला असा की पहिली तीन वर्षे वर्गणीवर काम चालवून पाहावे. प्रशिक्षक टिकला, मुले आली, हिशोब वेळेवर मिळाला, तर चौथ्या वर्षी कायम निधीचा विचार करावा.

कायम निधी देताना लेखी निर्देश आवश्यक असतो. नुसते ‘जिमखान्यासाठी’ लिहून भागत नाही. आमच्या समितीने वापरलेल्या पत्राचा मुख्य भाग असा होता:

‘सोबतची रक्कम आपल्या संस्थेच्या कायम निधीचा भाग म्हणून देत आहे. मूळ रक्कम खर्च करू नये. तिचे व्याज फक्त महाविद्यालयाच्या व्यायामशाळेतील अर्धवेळ महिला प्रशिक्षकाच्या मानधनासाठी वापरावे. एखाद्या वर्षी प्रशिक्षक नसल्यास ते व्याज खेळाडूंच्या नाश्त्यासाठी वापरावे. दरवर्षी ३० जूनपूर्वी खर्चाचे विवरण कळवावे.’

यातले चौथे वाक्य विसरू नका. पर्यायी उपयोग लिहिलेला नसेल तर उद्देश अडकतो आणि पैसा पडून राहतो.

सहावी पायरी: परदेशातील मित्र आणि सातपूर-अंबडचे कारखाने

परदेशी राहणारा पण भारतीय पारपत्र असलेला मित्र आपल्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने देणगी देऊ शकतो. ती विदेशी देणगी मानली जात नाही. ज्याने अमेरिकेचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी त्याची देणगी विदेशीच ठरते. ती फक्त विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदलेल्या किंवा पूर्वपरवानगी घेतलेल्या संस्थेला, आणि तीही भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच घेता येते. ‘भावाच्या खात्यावर पाठवतो, तू पुढे दे’ हा प्रकार प्रेमापोटी होतो, पण त्यामुळे संस्था अडचणीत येते.

कारखान्यांच्या बाबतीत, कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. या खर्चालाच सीएसआर म्हणतात. त्याच कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये, म्हणजे अशा कामांच्या यादीत, प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा आणि ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी आहेत. त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. प्रस्ताव मार्चमध्ये नेऊ नये. जून-जुलैमध्ये न्यावा, म्हणजे वर्षाच्या अंदाजपत्रकात जागा मिळते. टी-शर्टवर कंपनीची जाहिरात छापायची असेल तर ती देणगी राहत नाही, प्रायोजकत्व ठरते आणि त्यावर जीएसटीचा प्रश्न येतो. निव्वळ कृतज्ञता म्हणून, व्यवसायाची जाहिरात न करता लावलेल्या नामफलकावर जीएसटी नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

सातवी पायरी: वर्षातून दोनदा नोंदवही पाहा

प्रशिक्षकाच्या मेजावर दोनशे पानी साधी वही ठेवून घ्यावी. रकाने पाचच असावेत: दिनांक, खोली उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, मुले किती, मुली किती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, आधी कळवून, ती वही पाहायला जावे. हजेरी कमी दिसली तर लगेच जाब विचारू नये. त्या आठवड्यात परीक्षा होत्या का, पाणी बंद होते का, प्रशिक्षकाचे मानधन थकले होते का, हे आधी विचारावे. मानधन दोन महिने थकले की माणूस जातो, आणि नवा माणूस मिळून मुलांना त्याची सवय होईपर्यंत अर्धे वर्ष निघून जाते, म्हणून समितीने दोन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम नेहमी हाताशी ठेवावी. मुलींचा रकाना सलग काही दिवस शून्य दिसला, तर आधी कपडे बदलण्याच्या खोलीची कडी तपासावी आणि मग शेवटच्या एसटीची वेळ बदलली आहे का ते स्थानकावर विचारून यावे.